बाल्टिमोर, सातारा आणि पुणे : शरीराची चित्रे काढणाऱ्यांची गोष्ट

आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "मुलगी काय करते आता?" दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझे उत्तर तयार होते. "बायॉलॉजी मेजर आहे, पुढे मेडिकल." एवढे म्हटले की समोरचा समाधानाने मान हलवायचा आणि रांग पुढे सरकायची. गेल्या दिवाळीत मी "मेडिकल इलस्ट्रेशन" असे म्हटले आणि रांग तिथेच अडकली.

"म्हणजे डॉक्टरच ना?"

"नाही, डॉक्टरांच्या पुस्तकांत, ऑपरेशनच्या वर्णनांत जी चित्रे असतात ती काढणारे."

"अच्छा, म्हणजे हॉबी म्हणून!" असे म्हणून त्या गृहस्थांनी मसालेभाताकडे मोर्चा वळवला.

त्यांना काय दोष द्यायचा? लेकीने हा बेत पहिल्यांदा सांगितला तेव्हा मीही "फोटो निघतात, स्कॅन निघतात, आता तर कॉम्प्युटरच चित्रे काढतो, मग माणूस कशाला हवा?" असे विचारून मोकळा झालो होतो. सौ.ने तर दोन दिवस अबोला धरला. मी २००१ साली एम.एस. करायला या देशात आलो तो दोन बॅगा आणि एक ठरलेला रस्ता घेऊन. रस्ता ठरलेला नसला की आमच्या पिढीच्या पोटात गोळा येतो. पण वीस-बावीस वर्षे सॉफ्टवेअरच्या धंद्यात काढल्यावर एक सवय लागली आहे. गिऱ्हाइकाला नेमके काय हवे आहे हे समजून घेतल्याशिवाय "होणार नाही" म्हणायचे नाही. म्हणून लेकीबरोबर बाल्टिमोरला जायचे ठरल्यावर मी आधी थोडे वाचन केले. ते वाचन बाल्टिमोरहून निघून कुठे जाऊन पोचले, ते सांगण्यासाठी हा लेख.

बाल्टिमोर का, तर या विद्येची जगातली पहिली शाळा तिथली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये १९११ साली 'आर्ट अ‍ॅज अप्लाइड टु मेडिसिन' नावाचा विभाग सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. तो सुरू करणारा मॅक्स ब्रोडेल हा डॉक्टर नव्हता. त्याचा जन्म १८७० सालचा, जर्मनीतल्या लायप्झिगचा. तिथल्या कला अकादमीत शिकता शिकता तो कार्ल लुडविग या नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञासाठी चित्रे काढू लागला. तिथे त्याची ओळख फ्रँकलिन मॉल या अमेरिकन डॉक्टरशी झाली, आणि त्या ओळखीवर १८९४ च्या जानेवारीत हा तेवीस वर्षांचा तरुण बाल्टिमोरला येऊन थडकला. इंग्रजी जेमतेम. मेडिकल स्कूल उघडून वर्षही झाले नव्हते. (आपल्यापैकी कित्येकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल!)

त्याला काम मिळाले ते डॉ. हॉवर्ड केली यांच्याकडे. केली स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रियेतले त्या काळचे मोठे नाव. त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९८ मध्ये निघाला तेव्हा डॉक्टर मंडळी त्यातली चित्रे पाहून थक्क झाली. ऑपरेशन टेबलाजवळ उभे राहून जे दिसते आणि जे दिसत नाही, म्हणजे आत खोलवर काय आहे, कुठली रक्तवाहिनी कशामागून जाते, ते सगळे एका कागदावर होते. फोटोला हे जमत नाही. ऑपरेशनचा फोटो पाहिलात तर सगळीकडे रक्त आणि चकाकणारा ओलेपणा, त्यात महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे सारखेच. चित्रकार त्यातले नको ते काढून टाकतो, आणि काय काढून टाकायचे हे कळण्यासाठी त्याला शस्त्रक्रिया समजलेली असावी लागते.

ब्रोडेलची सगळी शिकवण या एका गोष्टीभोवती फिरते. जोपर्यंत अवयवाची रचना पूर्ण कळलेली नाही, तोपर्यंत पेन्सिल उचलायची नाही. विद्यार्थ्याने स्वतः शवविच्छेदन करायचे, ऑपरेशन पाहायचे, सर्जनला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे, कच्ची टिपणे काढायची. त्यातून डोक्यात एक चित्र तयार झाले की मग ते कागदावर आणायचे. समोर दिसते ते हुबेहूब उतरवणे याला त्याच्या लेखी फारशी किंमत नव्हती. हे वाचले आणि मी खुर्चीत सरळ बसलो. माझ्या हाताखालच्या नव्या मुलांना हेच तर मी सांगत असतो, आधी समजून घ्या, मग कोड लिहा.

समजून घेण्याचा हा हट्ट किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण म्हणजे मूत्रपिंड. केलींना मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियांसाठी चित्रे हवी होती. ब्रोडेलने मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव्य भरून त्यांचे जाळे तपासले. त्याच्या लक्षात आले की बाहेरच्या फुगीर कडेच्या किंचित मागे एक पट्टा असा आहे, जिथे पुढच्या आणि मागच्या रक्तवाहिन्यांची हद्द येते आणि मोठ्या वाहिन्या नसतात. तिथे चिरले तर रक्तस्राव सर्वांत कमी. मूत्रपिंडातले खडे काढणाऱ्या सर्जनांना यापेक्षा मोलाची माहिती कोणती? त्या रेषेला आजही 'ब्रोडेलची रेषा' म्हणतात. वैद्यकाची पदवी नसलेल्या चित्रकाराचे नाव मूत्रपिंडावर कायमचे कोरले गेले, तेही चित्र नीट काढता यावे म्हणून केलेल्या खटाटोपातून.

त्याचे तंत्रही त्याचेच होते. खडूचा पातळ थर दिलेल्या जाड कागदावर काळ्या कार्बनची बारीक पूड कोरड्या कुंचल्याने लावत जायची. अगदी फिकट राखाडीपासून गडद काळ्यापर्यंत छटा मिळतात. मग धारदार पात्याने खरवडून पांढऱ्या चमका काढायच्या. पडदा ओला आहे, ऊती मऊ आहे, हाड कोरडे आहे हे नुसत्या काळ्या-पांढऱ्यात कळते. हॉपकिन्समध्ये अशी मूळ चित्रे पाहायला मिळाली. काचेत ठेवलेल्या एका चित्रासमोर आमची लेक इतका वेळ उभी राहिली, की सौ.ने मला कोपराने ढोसून "बघा" म्हटले. अबोला तिथे संपला.

असा माणूस बाल्टिमोर सोडून दुसऱ्या रुग्णालयाकडे जाईल या भीतीने डॉ. थॉमस कलन यांनी पैसा उभा करायची धडपड केली, आणि हेन्री वॉल्टर्स या रेल्वेतल्या धनिकाने देणगी दिली. शाळा निघाली ती त्यातून. तोपर्यंत ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जायची. १९११ नंतर तिला वर्ग, अभ्यासक्रम आणि नाव मिळाले. ब्रोडेलची विद्यार्थिनी मारिया विशार्ट हिने टोरांटोत हीच परंपरा रुजवली. दुसरी विद्यार्थिनी रॅनिस क्रॉस्बी हिने १९४३ पासून पुढची चाळीस वर्षे हॉपकिन्सचा विभाग चालवला. १९४४ मध्ये हॉपकिन्सला निळ्या पडलेल्या बाळांवरची ती प्रसिद्ध हृदयशस्त्रक्रिया झाली, तिची चित्रे लिऑन श्लॉसबर्ग यांनी काढली. आज अमेरिका आणि कॅनडा मिळून असे मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत आणि एकेका ठिकाणी वर्षाला मोजकीच मुले घेतात. प्रवेशासाठी शास्त्र विषयांचे गुण तर लागतातच, शिवाय चित्रांचा पोर्टफोलिओ. मुले मानवी देहाचे विच्छेदन करतात, ऑपरेशन थिएटरमध्ये बसून रेखाटने करतात, आणि मग थ्री-डी सॉफ्टवेअर आणि अ‍ॅनिमेशन शिकतात. माझ्या कॉम्प्युटरच्या प्रश्नाचे उत्तर मला असे परस्पर मिळाले. कॉम्प्युटर आहेच, पण तो कुंचल्याच्या जागी.

"पैसे मिळतात का?" या प्रश्नासाठी फ्रँक नेटरची गोष्ट. आपल्याकडच्या एम.बी.बी.एस.च्या मुलांनाही नेटरचा अ‍ॅटलास माहीत असतो. या न्यूयॉर्कच्या मुलाला चित्रकार व्हायचे होते, घरच्यांना डॉक्टर हवा होता. तो गुपचूप डॉक्टर झाला. पण हातात पदवी आली ती मंदीच्या काळात, दवाखान्यात रोगी येईनात, म्हणून तो औषध कंपन्यांसाठी चित्रे काढू लागला. असे सांगतात की एकदा पाच चित्रांच्या संचाचे त्याने पंधराशे डॉलर मागितले, आणि समोरच्याला वाटले की एकेका चित्राचे पंधराशे. साडेसात हजार डॉलर मिळाल्यावर नेटरने दवाखाना बंद केला. पुढे १९९१ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याने सुमारे चार हजार चित्रे काढली. ही गोष्ट मी आता जेवणाच्या रांगेत सांगतो. फार उपयोगी पडते.

इथवरची गोष्ट अमेरिकेची. पण बाल्टिमोरहून परतल्यावर लेकीने कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची एक जाडजूड प्रत आणली आणि एका रात्री ती खाली येऊन म्हणाली, "बाबा, आपलं सातारा आणि हे सातारा एकच का?"

मी मूळचा सातारचा. आजीच्या तोंडी 'शिविल' म्हणजे सिव्हिल हॉस्पिटल, आणि सिव्हिल सर्जन म्हणजे कलेक्टरच्या खालोखाल मान. पण त्या खुर्चीत कोण बसून गेले आहे याची मला गंधवार्ता नव्हती. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'तली चित्रे ज्याने काढली तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर १८६३ पासून १८७२ पर्यंत, म्हणजे सुमारे नऊ वर्षे, सातारचा सिव्हिल सर्जन होता!

कार्टरचे वडील चित्रकार. मुलगा लंडनला सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकला, आणि तिथेच हेन्री ग्रे याने त्याला विद्यार्थ्यांसाठीच्या नव्या पुस्तकाच्या कामात ओढले. दोघांनी मिळून दीडेक वर्ष शवविच्छेदन केले. ग्रेने लिहिले, कार्टरने काढले. ३६३ चित्रे. छपाईसाठी ती लाकडाच्या ठोकळ्यांवर उलटी काढावी लागत, मग कारागीर ती कोरत. कार्टरची खरी करामत अशी, की त्याने अवयवांची नावे त्या अवयवांवरच लिहिली. आधीच्या पुस्तकांत आकडे असत आणि यादी खाली, विद्यार्थ्याची नजर सारखी वर-खाली. कार्टरच्या चित्रात धमनीचे नाव धमनीवरूनच वळत जाते, नकाशात नदीचे नाव लिहितात तसे. दुसऱ्या दिवशी परीक्षा असलेल्या मुलासाठी हे किती मोठे उपकार! तो स्वतः विद्यार्थी असतानाचे हाल विसरला नसणार, असे मला वाटते.

मोबदला? ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड मिळायचे होते. कार्टरला एकरकमी दीडशे पौंड मिळाले आणि हिशेब संपला. शिवाय मुखपृष्ठाच्या मुद्रितात दोघांची नावे सारख्या टायपात होती, ती पाहून ग्रेने कार्टरचे नाव लहान करायला सांगितले. १८५८ मध्ये पुस्तक बाहेर आले तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हताच. तो मुंबईला पोचला होता, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला होता. पुस्तकाची अमेरिकन आवृत्ती पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात निघाली, त्याच फिलाडेल्फियात जिथे १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला आल्या. आनंदीबाईंशिवाय स्मरणिका पूर्ण होत नाही असे आमचे संपादक म्हणतात, तेव्हा त्यांचे समाधान झाले असावे.

मला मात्र कार्टरचे पुढचे आयुष्य जास्त ओढ लावते. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने ऐन चौतिशीत गेला. कार्टर तीस वर्षे आपल्याकडे राहिला. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायाला होणारा एक भयंकर रोग, पाय सुजून त्यातून दाणे पडतात, तो त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि तो बुरशीमुळे होतो असे मांडले. १८७४ च्या त्याच्या ग्रंथात त्या पायांची रंगीत चित्रे आहेत, त्याने स्वतः काढलेली. कुष्ठरोगाचा अभ्यास करायला तो नॉर्वेपर्यंत जाऊन आला. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत उलटून उलटून येणाऱ्या तापाची साथ होती, तेव्हा रोग्यांच्या रक्तात त्याचे जंतू त्याने पाहिले आणि त्या तापाने तो स्वतःही आजारी पडला. १८८८ मध्ये निवृत्त होऊन परत गेला, १८९७ मध्ये क्षयाने वारला. जगभरच्या डॉक्टरांनी ज्याच्या चित्रांवर अभ्यास केला, त्याच्या पुस्तकाला लोक आजही फक्त 'ग्रेज' म्हणतात. आम्ही सातारकरांनीही त्याला लक्षात ठेवले नाही, त्यामुळे बोलायला तोंड नाही.

हे सगळे मी उत्साहाने पुण्यातल्या माझ्या डॉक्टर मामेभावाला फोनवर सांगितले. तो पुणेकर. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सातारा काय घेऊन बसलास! पुण्याच्या नाकाचं चित्र माहीत आहे का तुला?"

माहीत नव्हते. आता आहे. इंग्रज आणि टिपूच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'कावसजी' असे आहे. हे नाव पारशी वाटते. साहेबाच्या कानाने कुठल्या मराठी नावाचे हे रूप केले असेल कोण जाणे. वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस विटा करणाऱ्यांच्या जातीचा होता, असे इंग्रजांनी लिहिले आहे. आपण कुंभार म्हणू.

ऑपरेशन मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिले. कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो बसवून पाहिला. मग तोच सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, पण दोन भुवयांमधली एक पट्टी तशीच जोडलेली ठेवली, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहील. ती कातडी पिळून खाली आणून नाकाच्या जागी बसवली. वरून पाण्यात मऊ केलेल्या काताच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून टाकायची. विड्यात घालायचा कात आणि घरातले तूप!

त्या वेळी पुण्यात जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार राहत होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचे प्रसिद्ध चित्र काढणारा हाच. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने तिथे चित्रकलेचे चांगले वातावरण होते. गंगाराम तांबट हा आपला मराठी चित्रकार त्याच काळातला. त्याची वेरूळची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याची चित्रे आज इथे, न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. तर या वेल्सने ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, त्या शेतकऱ्याला समोर बसवून त्याचे चित्र काढले. त्यावरून कोरलेला ठसा लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. फेटा बांधलेला, उघड्या छातीचा माणूस, नवे नाक, कपाळावर व्रण. आणि बाजूला लहान लहान आकृत्या, मेणाचा पत्रा कसा, कपाळावर तो कसा ठेवायचा. ब्रोडेलच्या शंभर वर्षे आधी.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनला या हकिकतीने झपाटले. त्याने प्रेतांवर सराव केला आणि योग्य रोग्याची वाट पाहत वीस वर्षे काढली. १८१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने पहिले ऑपरेशन केले, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि ते युरोपभर गेले. १८३७ मध्ये बॉस्टनमध्ये जोनाथन मेसन वॉरन याने कपाळाच्या कातडीने नाक केले. आजही कर्करोगात नाक गमावलेल्या माणसाला प्लास्टिक सर्जन कपाळाच्या कातडीनेच नवे नाक देतात.

वेल्सचे नाव राहिले, कार्प्यूचे राहिले, रोग्याचेही वाकडेतिकडे का होईना राहिले. ज्याने ते नाक केले त्याचे नाव मात्र कोणी लिहून घेतले नाही. मी हे लेकीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आणि त्याने रेघ मारली ना कपाळावर, तेच पहिलं ड्रॉइंग." मला हे सुचले नव्हते.

सध्या आमच्या घरी पोर्टफोलिओची गडबड चालू आहे. गेल्या महिन्यात रविवारच्या मटणातली नळी तिने रस्सा संपल्यावर उचलली, साबणाच्या पाण्यात उकळली, दोन दिवस खिडकीत वाळवली, आणि आता ते हाड स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी दिव्याखाली मांडलेले आहे. रोज संध्याकाळी तासभर ती त्याची चित्रे काढते, फिरवून फिरवून. आम्ही पोह्यांची ताटली घेऊन पलीकडे बसतो. परवा साफसफाईला येणाऱ्या बाईंनी ते कचऱ्यात टाकले होते, ते सौ.ने स्वतः हात घालून शोधून काढले, धुतले, आणि खाली एक चिठ्ठी चिकटवली आहे, मराठीत आणि इंग्रजीत : "हे टाकू नये."